पुण्याहून तुलांबेनला: बुडालेल्या ‘लिबर्टी’वर पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून पाण्यात शिरलं की काही मिनिटांच्या पोहण्याच्या अंतरावर जवळपास १२५ मीटर लांबीचं मालवाहू जहाज पाण्याखाली आडवं पडलेलं आहे. तिथे जायला बोट लागत नाही. जहाजाचा वरचा भाग पाच मीटरवर आहे आणि खालची बाजू तीसच्या आसपास. जगातल्या बहुतेक बुडालेल्या जहाजांपर्यंत पोहोचायचं तर आधी भरपूर अनुभव गाठीशी लागतो. इथे मात्र स्कुबा डाइव्हिंगचं (पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहण्याचं) सर्टिफिकेट नुकतंच हातात पडलेला माणूससुद्धा सुखाने उतरू शकतो.

गोची या सोपेपणातच आहे. आपल्याकडून जाणारे बरेच जण तुलांबेनला ‘अर्ध्या दिवसाचं काम’ समजतात. सकाळी मध्य बालीतल्या उबुदहून निघायचं, दुपारी दोन डाइव्ह मारायच्या, वाटेत एक देऊळ उरकायचं आणि रात्री परत हॉटेलवर. असं केलंत तर गर्दी दिसेल, दुसऱ्यांचे फिन्स (पायात घालायची रबरी वल्ही) दिसतील आणि एखाद-दुसरा मासा दिसेल. माझा आग्रह असा की तिथे निदान तीन रात्री राहा, त्याच जहाजावर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी उतरा आणि तयारीचा मोठा भाग पुण्यातच उरकून घ्या. स्वर्गद्वार, झोपाळा, बीच क्लब या बालीतल्या नेहमीच्या ठिकाणांतलं काही सुटलं तर सुटू द्या.

जहाज कोणतं?

नाव ‘लिबर्टी’, म्हणून पुष्कळ लोक त्याला दुसऱ्या महायुद्धात धडाधड बांधलेल्या ‘लिबर्टी शिप’ जातीचं समजतात. ते तसं नाही. हे जहाज १९१८ सालचं, न्यू जर्सीत बांधलेलं, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातलं. ११ जानेवारी १९४२ रोजी ते ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन चाललं होतं. लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडी आय-१६६ ने त्याच्यावर टॉर्पेडो डागला. अमेरिकी विनाशिका ‘पॉल जोन्स’ आणि डच विनाशिका ‘व्हान खेन्ट’ यांनी त्याला सिंगराजा बंदराकडे ओढत न्यायचा प्रयत्न केला, पण पाणी फार भरत गेलं, तेव्हा त्याला तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं.

पुढची एकवीस वर्षं ते तिथेच किनाऱ्यावर पडून होतं. १९६३ साली समोरच्या गुनुंग आगुंग ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला, त्यात हजारावर माणसं गेली. त्या हादऱ्यांनी जहाज किनाऱ्यावरून घसरलं आणि पाण्याखालच्या उतारावर कलंडलं. म्हणून तुम्हाला दिसतं ते धड उभं जहाज नसतं. ते किनाऱ्याला समांतर, कुशीवर निजलेलं आणि बरंच मोडलेलं धूड आहे. हे आधी माहीत असलेलं बरं, कारण पहिल्या डाइव्हला डेक कुठे आणि तळ कुठे हेच कळत नाही. किनाऱ्यावर गाइडला कागदावर जहाजाचं चित्र काढायला सांगा आणि कुठून शिरणार, कुठे वळणार, कुठून परत येणार हे त्यावर बोट ठेवून समजून घ्या.

पुण्यात करायची कामं

मालवण-तारकर्लीला एखाद्याने टाकीला धरून आपल्याला थोडं खाली नेऊन आणलं, फोटो काढला, याला स्कुबाचं सर्टिफिकेट म्हणत नाहीत. तो चाखून बघण्याचा प्रकार. आवडतंय का, मास्कमध्ये जीव घाबरतो का, हे कळायला तो उत्तम आहे, आणि पुणेकरांना एका रात्रीच्या प्रवासावर मिळतो. पण लिबर्टीवर मोकळेपणाने फिरायचं तर ‘ओपन वॉटर’ कोर्स करा. त्याने १८ मीटरपर्यंत जाता येतं. ‘ॲडव्हान्स्ड’ केलं की ३० मीटरपर्यंत. लिबर्टीसाठी १८ पुरेसे आहेत, त्यामुळे ॲडव्हान्स्डच्या घाईत पडू नका.

कोर्सचे तीन भाग असतात: थिअरी, तलावातला सराव आणि खुल्या समुद्रातल्या चार डाइव्ह. थिअरी घरी बसून ऑनलाइन होते. तलावातला सराव पुण्यात स्विमिंग पूलमध्ये करून घेणारे प्रशिक्षक आहेत. समुद्रातल्या चार डाइव्ह मालवण, गोवा, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी किंवा अंदमान इथे होऊ शकतात. किंवा पुण्यात पहिले दोन भाग संपवून ‘रेफरल’चे कागद घ्यायचे आणि चार डाइव्ह थेट तुलांबेनला करायच्या. पाडी (PADI) या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचा रेफरल बारा महिने चालतो. सुट्टी मोजकी असेल तर हा मार्ग सोयीचा, कारण बालीत येऊन दोन दिवस तलावात घालवावे लागत नाहीत. प्रशिक्षकाचं पुस्तक आणि सह्या मात्र जाण्याआधी नीट तपासून घ्या. एक सही राहिली तर तिथे सगळं पुन्हा करायला लावतात.

पोहता यायला हवं का? हो. न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं, एवढी परीक्षा असते. वेळेचं बंधन नाही, कुठलाही स्ट्रोक चालतो. गंमत अशी की विहिरीत, कालव्यात दणकून पोहायला शिकलेले पट्टीचे पोहणारेच पाण्याखाली जास्त धापा टाकतात. हात मारायची सवय सुटत नाही. स्कुबामध्ये हात बांधून ठेवायचे, पाय मांडीपासून सावकाश हलवायचे आणि बाकीचं काम फुप्फुसांवर सोडायचं. श्वास घेतला की अंग किंचित वर येतं, सोडला की खाली जातं. तलावाच्या तळापासून वीतभर वर, हातपाय न हलवता, पाच मिनिटं आडवं थांबता येईपर्यंत प्रशिक्षकाला सोडू नका. बॉयन्सीचा हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण लिबर्टीवर सगळं त्यावरच अवलंबून आहे. तिथे पोवळ्यांनी मढलेल्या पत्र्यांच्या मधून जायचं असतं. एक फिन चुकीचा बसला की पन्नास-साठ वर्षांची वाढ तुटते.

मग डॉक्टर. कोर्सच्या आधी एक वैद्यकीय प्रश्नावली भरून द्यावी लागते. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, छातीचे आजार, गरोदरपण यातल्या कशालाही ‘हो’ आलं, तर डॉक्टरची लेखी परवानगी लागते, आणि गरोदरपणात तर डाइव्ह करायचीच नाही. खोटं ‘नाही’ लिहू नका, कारण पाण्याखाली दम्याचा झटका आला तर वर यायलाही वेळ लागतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, विशेषतः पावसाळ्यानंतर जात असाल तर. पुण्यात त्या दिवसांत निम्मं शहर शिंकत असतं, आणि सर्दी असताना डाइव्ह करायची नसते.

कानांबद्दल जरा सविस्तर, कारण नवशिक्यांच्या पहिल्या डाइव्ह बहुतेक कानांमुळेच बिघडतात. खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात, ते सगळ्यांना माहीत आहे. पाण्यात तोच प्रकार कितीतरी वेगाने होतो, कारण दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि त्यातला सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच जाणवतो. उपाय: नाक चिमटीत धरून हलकेच नाकातून हवा ढकलायची किंवा आवंढा गिळायचा. हे पृष्ठभागावरच सुरू करायचं आणि दर मीटरला करत राहायचं, दुखायची वाट बघायची नाही. दुखलं तर जोर लावायचा नाही, मीटरभर वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही नाही जमलं तर गाइडला कानाकडे बोट दाखवून हात आडवा हलवायचा आणि त्या दिवशीची डाइव्ह सोडून द्यायची. पैसे गेले तर जाऊ देत.

चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो, किंवा मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. मास्क आणि रबरी तळाचे बूट एवढं स्वतःचं घ्या, बाकी रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारा), बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जाकीट), वेटसूट (ऊब राखणारा रबरी पोशाख) तिथे भाड्याने मिळतं. बूट का, ते पुढे येतंच आहे.

विमा काढताना बारीक अक्षरं वाचा. साध्या प्रवास विम्यात स्कुबा बऱ्याचदा वगळलेलं असतं, किंवा ठरावीक खोलीपर्यंतच असतं. डाइव्हिंगचा वेगळा विमा मिळतो, तो काढा. डीकंप्रेशनचा त्रास (वेगाने वर आल्याने अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होणं) झाला तर दाबाच्या चेंबरमध्ये उपचार घ्यावे लागतात. बालीत ती सोय देनपसारला आहे, पण उपचार स्वस्त नाहीत.

कधी जायचं आणि कसं

एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा मोसम. आपली मे महिन्याची सुट्टी त्यात बसते. जुलै-ऑगस्टला गर्दी जास्त असते. डिसेंबर ते फेब्रुवारी पाऊस असतो, तरीही डाइव्हिंग चालू राहतं, फक्त पाण्यात गढूळपणा येतो. पाणी साधारण २६ ते २९ अंश, त्यामुळे तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो.

एक सूचना खास आपल्यासाठी. बालीचं पारंपरिक कॅलेंडर शक संवत्सरावर चालतं, इसवी सन ७८ पासून मोजलेलं, म्हणजे आपलंच शालिवाहन शक म्हणा ना. त्यांचं नवं वर्ष ‘न्येपी’ आपल्या गुढीपाडव्याच्याच आसपास येतं. पण ते आपल्यासारखं शोभायात्रा काढून साजरं होत नाही. त्या दिवशी २४ तास संपूर्ण बेट गप्प असतं: दिवे नाहीत, रस्त्यावर वाहन नाही, हॉटेलबाहेर पडायचं नाही, विमानतळसुद्धा बंद. पाडव्याच्या सुट्टीला जोडून तिकीट काढणार असाल तर न्येपीची तारीख आधी बघा. आदल्या संध्याकाळी गावोगाव निघणारे ओगोह-ओगोह हे राक्षसांचे पुतळे मात्र बघण्यासारखे असतात.

भारतीय पासपोर्टवर तीस दिवसांचा ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ मिळतो, फी पाच लाख रुपिया. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपियाचा बाली प्रवेशकर भरावा लागतो. लाखांचे आकडे वाचून दचकू नका, रुपिया फार छोटं चलन आहे. जाण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताजे नियम बघा, हे आकडे बदलत असतात. देनपसार विमानतळावरून तुलांबेन गाडीने अडीच-तीन तास. डाइव्ह सेंटरला सांगितलं की ते गाडी पाठवतात.

शाकाहारी मंडळींनी एवढंच लक्षात ठेवायचं की भाजीच्या पदार्थातही ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीची चटणी असू शकते. ‘तानपा तेरासी’ (तेरासीशिवाय) म्हणा. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) जिंदाबाद. मेतकूट न्यायचं असेल तर न्या, मी हसणार नाही.

किनाऱ्यापासून जहाजापर्यंत

तुलांबेनला खरं कौशल्य लागतं ते पाण्यात शिरताना. किनाऱ्यावर वाळू नाही, मुठीपासून नारळाएवढे गोल, काळे दगड आहेत आणि लाट आली की ते पायाखाली गडगडतात. पाठीवर टाकी, कमरेला वजनं, म्हणून पडलात तर दणकून पडता. जाड तळाचे बूट यासाठीच. उन्हात तेच दगड तापतात, हा आणखी एक भाग.

टाक्या बहुधा गावातली माणसं वाहून आणतात. बायका टाकी डोक्यावर ठेवून त्या दगडांवरून अनवाणी किंवा चपलेवर अशा चालत जातात की आपण बूट घालूनही लाजावं. त्यांच्या रोजगाराचा भाग आहे तो. पैसे पॅकेजमध्ये असतातच, वर टिप द्या. किनाऱ्यावर पानाच्या द्रोणात फुलं आणि उदबत्ती ठेवलेली असते, ती पूजा आहे, तिच्यावर बॅग ठेवू नका.

शिरण्याची पद्धत अशी. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडीत थोडी हवा, फिन्स हातात. उभं राहून एकदोन लाटा बघा, मधे शांत वेळ येते. मोठ्या लाटांचा झुबका गेला की बडीचा (डाइव्हमधल्या जोडीदाराचा) हात धरून, गुडघे वाकवून, पाय घसटत पुढे जा. कमरेइतक्या पाण्यात पोहोचलात की तिथे रेंगाळू नका, झोकून द्या, तरंगत पुढे सरका आणि मग फिन्स चढवा. बाहेर येताना उलट: उथळ पाण्यात फिन्स काढायचे, रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही, आणि लाट मोठी असेल तर सरळ चार पायांवर रांगत यायचं. कोणी बघत असेल तर बघू दे.

खाली गेलं की आधी काळ्या वाळूचा उतार लागतो. तिथे वाळूतून काठीसारखी डोकी वर काढून डुलणारे बारीक बाम मासे दिसतात, ते गार्डन ईल. जवळ गेलात की एकेक करून बिळात ओढले जातात, त्यामुळे लांबूनच थांबून बघा. मग निळसर धुक्यातून जहाजाची कड दिसायला लागते.

डाइव्हचा आराखडा नेहमी खोल भागाकडून उथळाकडे आखायचा. आधी बाहेरच्या बाजूने तुमच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे १८ मीटरपर्यंत जा. तिथून हळूहळू वर चढत, जहाजाच्या वरच्या कडेने पाच-आठ मीटरवरून परत या. कारण हवेच्या हिशेबात आहे. समजा पृष्ठभागावर तुम्ही मिनिटाला २० लिटर हवा घेता. तिथल्या नेहमीच्या ११ लिटरच्या टाकीत २०० बारला (बार हे दाबाचं माप) साधारण २२०० लिटर असतात. ५० बार राखीव ठेवायचे म्हणजे वापरायला १६५० लिटर. १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणून मिनिटाला ५६ लिटर जातात आणि ती टाकी अर्ध्या तासात संपते. आठ मीटरवर तीच टाकी पाऊण तास पुरते. खोल जाऊन काही जास्त मिळतं असंही नाही. उजेड आणि रंग वरच्या भागात आहेत, लाल रंग तर दहा मीटरच्या आतच मावळायला लागतो.

घाबरलात तर श्वास वाढतो, हवा झपाट्याने जाते. अशा वेळी थांबा, वाळूजवळ स्थिर व्हा, लांब श्वास सोडा, गाइडकडे बघा. श्वास मात्र कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, आणि कोंडलेली हवा फुप्फुस फाडू शकते. वर यायचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या आत ठेवा. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा थांबा) घ्यायचा. इतर ठिकाणी तो दोरीला लटकून मोकळ्या पाण्यात काढावा लागतो, लिबर्टीवर जहाजाच्या माथ्यावरच्या पोवळ्यांत बारीकसारीक प्राणी बघत काढता येतो. या जागेची ही खरी चैन. आणि हो, अंगठा वर म्हणजे ‘छान’ नाही, ‘वर चला’. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनीचा गोल.

जहाजाच्या आत शिरायचं का? लिबर्टी इतकं उघडं पडलं आहे की लोखंडी फासळ्यांमधून आरपार जाता येईल अशा रुंद जागा आहेत. दुसऱ्या टोकाचा उजेड स्पष्ट दिसत असेल, डोक्यावर मोकळं असेल आणि गाइड पुढे असेल, तरच. अंधाऱ्या खणात नाही. गाळ उडाला की हाताचा पंजा दिसत नाही, आणि डोक्यावर पत्रा असेल तर सरळ वर येता येत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण असतं.

कशालाही हात लावायचा नाही. नियम म्हणून तर नाहीच, पण तुमच्यासाठीही. गंजलेल्या पत्र्यावर बसलेला विंचूमासा पत्र्यासारखाच दिसतो. त्याचा किंवा लायनफिशचा काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-एक तास बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. थंड पाण्याने वेदना कमी होत नाहीत.

तीन रात्रींचं काय करायचं

पहिल्या दिवशी दुपारी गावात पोहोचा, उतारावर किंवा उथळ खाडीत एक सरावाची डाइव्ह करा. वजनं किती लागतात ते तिथेच ठरवून घ्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे, सूर्य उगवायच्या सुमाराला लिबर्टीवर. दक्षिण बालीहून येणाऱ्या गाड्या नऊनंतर लागतात, त्याआधी जहाज जवळपास तुमचं असतं. याच वेळी डोक्यावर टेंगूळ असलेले दांडगे पोपटमासे दिसण्याची शक्यता असते. ते रात्री जहाजात झोपतात आणि उजाडलं की चरायला बाहेर पडतात. दहाच्या सुमाराला पुन्हा जाऊ नका, झोप काढा. दुपारी उशिरा गर्दी ओसरली की दुसरी डाइव्ह, या वेळी फक्त पाच ते बारा मीटरमध्ये, सावकाश.

तिसऱ्या दिवशी तीच पहाट पुन्हा. आता रस्ता ओळखीचा झालेला असतो, त्यामुळे हवेच्या आणि खोलीच्या काट्यांकडे कमी आणि माशांकडे जास्त लक्ष जातं. ट्रेव्हली माशांचा मोठा थवा जहाजाजवळ फिरत असतो, त्याचा पाठलाग केला तर तो पांगतो, जागेवर थांबलात तर बरेचदा तुमच्याभोवती फिरतो. रात्रीची डाइव्ह सुंदर असते, पण ती अनुभवी गाइडबरोबर, आणि आधीच्या डाइव्हमध्ये तुम्ही स्थिर राहिला असाल तरच.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी निदान १८ तास जाऊ द्या, २४ असतील तर उत्तम. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तो वेळ लागतो. विमान तर सगळ्यांच्या लक्षात असतं, डोंगर कोणाच्या लक्षात राहत नाही. बातूर ज्वालामुखीची सूर्योदयाची चढाई १७१७ मीटरवर जाते, किंतामणीचा रस्ताही बराच उंच आहे. तुलांबेनहून निघताना वाटेत म्हणून ते करू नका, ते डाइव्हिंगच्या आधी करा. मालवणहून परतणाऱ्यांनाही हेच लागू: सकाळी दोन खोल डाइव्ह आणि दुपारी लगेच आंबोली घाट, जो सातशे मीटरच्या घरात आहे, हा बेत चुकीचा. सावंतवाडीला एक मुक्काम करा.

शेवटचा कोरडा दिवस किनाऱ्यानेच घालवा. जवळच आमेदला समुद्राच्या पाण्यापासून पारंपरिक पद्धतीने मीठ करतात, ते बघा, पिशवीभर घ्या. पोवळ्याचा तुकडा किंवा जहाजाचं लोखंड घेऊ नका. पोवळं नेल्याबद्दल विमानतळावर अडवतात, आणि लोखंड पाण्याबाहेर आलं की गंजून भुगा होत जातं. लॉगबुकावर (डाइव्हच्या नोंदवहीवर) सेंटरचा शिक्का आणि गाइडची सही निघण्यापूर्वीच घ्या. पुढच्या वेळी कुठेही गेलात तरी तिथे आधी तेच मागतात.